रबर लावलेल्या बाटल्या

अक्का कुठल्याही नव्या घरी कामाला गेली की आधी झाडू मागायची. सुट्ट्यांचं, वेळेचं, चहाचं बोलणं नंतर. झाडू उलटा करून ती बोटांनी त्याची टोकं चाचपायची आणि मग हा ठेवता कुठे, असं विचारायची. टोकांवर उभा ठेवत असतील तर तिचं तोंड वाकडं व्हायचं. "टोकावर उभा केला की मान मोडते त्याची. मग तो केर काढत नाही, इकडचा तिकडे करतो," असं घरच्या बाईला पहिल्याच दिवशी सुनावून, हातोडी नि खिळा मागून, झाडू दाराआड टांगूनच ती पुढचं बोलायची. काही जणींना हे मुळीच रुचायचं नाही. त्या दुसरी बाई बघायच्या. ज्यांना रुचायचं त्यांच्याकडे अक्का वर्षानुवर्षं टिकून राहिली.

तिला सगळेच अक्का म्हणायचे. ती कामाला जायची त्या चारमजली इमारतीतला निवृत्त कंपाउंडर तिच्यापेक्षा चांगला दहा-बारा वर्षांनी मोठा, पण तोही अक्का म्हणायचा आणि ती त्याला काका. यात काही चुकतंय असं दोघांनाही कधी वाटलं नाही.

घर साफ ठेवायला फार काही लागत नाही, असं अक्काचं ठाम मत होतं. लोक उगाच कपाटं भरून ठेवतात. बादल्या दोन हव्यात, एक न्हाणीघराची आणि एक बाकीच्या घराची, आणि त्या दोघींची जन्मात गाठ पडता कामा नये. फडकी जुन्या सुती चादरींची, कारण नायलॉनचं फडकं पाणी पीत नाही, नुसतं पुढे ढकलतं. नळाच्या बुडाशी घासायला दात घासायचा जुना ब्रश. काचेला वर्तमानपत्राचा बोळा. मऊ घासणी रोजच्या भांड्यांना, तारेची करपलेल्यांना. आणि खायचा सोडा, ज्याने निम्मी कामं होतात आणि ज्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, कारण तो स्वस्त असतो. लांब दांड्याच्या पोछ्याचं नाव काढलं की ती उखडायची. उभ्याने फरशी पुसायची म्हणजे नको असलेल्या नातेवाइकाला लांबून नमस्कार करण्यासारखं आहे, असं ती म्हणायची.

स्वतः ती उकिडवी बसून, मागे मागे सरकत पुसायची. उजव्या हाताने फडकं फिरवलं की मागोमाग डावा तळवा तिथून फिरायचा. कुठे चिकट लागलं, कण लागला, की पुन्हा फडकं. या हात फिरवण्याने तिचं इमारतीत नाव झालं होतं. "आमच्याकडे अक्का आहे, हात फिरवून बघते ती," असं बायका आल्यागेल्याला सांगायच्या, जसं काही हात त्यांचाच होता.

खरी गोष्ट अशी होती की अक्काला फरशी नीट दिसत नव्हती.

आधी सुईत दोरा जाईना. ते वयाचं म्हणून तिने सोडून दिलं. मग बाटल्यांवरची अक्षरं गेली, मग पाखडताना खडे, आणि एक दिवस जिन्यात समोरून आलेल्या बाईला तिने ओळखलंच नाही. ती बोलली तेव्हा कळलं की ही तर रोजची. तेव्हा अक्का मुकाट्याने सरकारी दवाखान्यात जाऊन आली. डोळ्यांचे डॉक्टर तरुण होते आणि घाईत होते, पण त्यांनी समजावून सांगितलं. डोळ्यातला पडदा मधोमध झिजला आहे. कडा शाबूत आहेत. झिजलंय ते भरून येणार नाही, आणखी झिजू नये म्हणून काय करता येईल ते करू. अक्काने विचारलं, चालता येईल ना? ते म्हणाले, चालता येईल की. आणि तसंच झालं. पायऱ्या, दाराच्या चौकटी, खुर्च्यांचे पाय, येणारी गाडी हे सगळं तिला कडेने दिसायचं, त्यामुळे ती कधी कशावर आपटली नाही आणि कुणाला शंका आली नाही. फक्त ज्याच्याकडे नीट बघावं तेवढंच पुसलं जायचं. घरी तिने सांगितलं, गुडघा दाखवायला गेले होते.

हे लपवायचं कारण तिच्या आईत होतं. आईचेही डोळे उतारवयात असेच गेले. अक्काचे भाऊ चांगले, आईवर जीव टाकणारे. त्यांनी प्रेमाने तिच्या हातातलं एकेक काम काढून घेतलं. आधी चूल, मग झाडलोट, मग धान्य निवडणं, शेवटी स्वतःची साडी वाळत घालणंसुद्धा. "आई, तू बस," एवढंच सगळे म्हणायचे. आई बसली. आधी गप्प झाली, मग किरकिरी झाली, मग दारात कोण आलं हे विचारायचंही तिने सोडलं. तिचं दुखत काहीच नव्हतं. अक्का माहेरी गेली की आई तिचे हात हातात घेऊन बसायची आणि त्यांवरचे घट्टे चाचपायची, आणि अक्काला तिथून पळून जावंसं वाटायचं. मरणाला ती फारशी भ्यायची नाही. पण कुणी "तू बस" म्हटलेलं तिला ऐकायचं नव्हतं.

म्हणून तिने रबरं लावली. प्रत्येक घरी ओट्याखालच्या कप्प्यात बाटल्या असतात, त्यांच्या गळ्याला. साबणाच्या पाण्याच्या बाटलीला एक, फिनेलला दोन, आणि नळांवरचे पांढरे डाग काढायच्या त्या जहाल आम्लाच्या बाटलीला तीन रबरं आणि वर सुतळीची गाठ, म्हणजे झोपेतसुद्धा हात चुकू नये. भांड्यांच्या साबणाला काहीच नाही. घरच्या बायकांना वाटायचं ही तिची काहीतरी जुनी सवय असेल. कुणी विचारलंच तर अक्का म्हणायची, "ओल्या हातातून बाटली सटकते, म्हणून," आणि ते इतकं पटण्यासारखं होतं की दोन-तीन जणींनी स्वतःच्या तेलाच्या बरण्यांनाही रबरं लावली.

गेल्या वर्षी तिच्याबरोबर सून यायला लागली.

मुलगा वेल्डर, घरी कमी आणि कामावर जास्त. सुनेने लग्नाआधी एका दुकानात काम केलेलं, बोलायला चटपटीत. तिला खरं तर स्वतःची वेगळी घरं धरायची होती. दोन ठिकाणी विचारणाही झाली होती. पण एकदम काय मनात आलं कोण जाणे, तिने ते सोडलं आणि म्हणाली, मी तुमच्याबरोबर येते, शिकवा. अक्काला बरं वाटलं, पण दाखवलं नाही. पहिल्या दिवशी एवढंच बजावलं, की कामावर आई म्हणायचं नाही, अक्का म्हणायचं; लोकांना घरचा पसारा दिसता कामा नये.

आणि शिकवताना अक्का तिच्यावर करवादायची. करवादण्यासारखंच होतं. ही पोरगी एरवी हुशार, पण कामावर आली की अगदी बावळटासारखे प्रश्न विचारायची. "अक्का, ही निळी बादली न्हाणीघराचीच ना?" "अक्का, तिसऱ्या पायरीवर पाणी सांडलंय, पुसू का?" "अक्का, वकीलबाई आल्या वाटतं, हातात फायली आहेत." दिवसभर हेच. अक्का वैतागून म्हणायची, "मला काय विचारतेस? तुला डोळे नाहीत का?" सून म्हणायची, "आहेत की." आणि पाच मिनिटांनी पुन्हा विचारायची, की ही एक रबरवाली साबणाची ना. अक्काने मनाशी ठरवून टाकलं होतं, हिच्या कामात चूक काढता येत नाही, पण डोकं कच्चं आहे.

वकीलबाई दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. एकट्या, नीटनेटक्या, बोलायला तोलूनमापून. अक्का त्यांच्याकडे इमारतीत सगळ्यात आधीपासून होती. त्यांच्या जेवणघरात पांढऱ्या संगमरवराचं टेबल होतं, ते वर चढवताना हमालांनी जिन्यात दोनदा खाली ठेवलं होतं आणि दोन्ही वेळा वकीलबाई दगडाला हात लावून उभ्या होत्या, जसं काही तो घाबरलाय. त्या टेबलावर कधी गरम भांडं ठेवलं गेलं नाही. आंबट लागलं की संगमरवर झडतो, म्हणून लिंबू तर त्या खोलीतच कापायचं नाही. हे सगळं अक्काला पाठ होतं. टेबल पुसायचं ते साबणाच्या पाण्याने, मऊ फडक्याने, आणि लगेच कोरडं करायचं.

मग एका रविवारी वकीलबाईंनी मोबाइलवर कुणाचं तरी स्वयंपाकघर बघितलं. त्यात सगळ्या बाटल्या एकसारख्या, पांढऱ्या, फवारा मारायच्या, आणि त्यांवर बारीक देखण्या अक्षरांतल्या चिठ्ठ्या. वकीलबाईंना ते फार आवडलं. त्यांनी तशा बाटल्या आणल्या, सगळं त्यांत ओतलं, जुन्या बाटल्या रबरांसकट कचऱ्यात टाकल्या आणि कप्प्यात नवी रांग लावली. ओतलं तेही, फिनेलचा वास नको म्हणून, सगळं नव्याने आणलेलं, लिंबाच्या वासाचं. हे करताना त्यांच्या मनात अक्काला सुख व्हावं एवढंच होतं, आणि सोमवारी त्यांनी तो कप्पा उघडून दाखवलाही. "बघा अक्का, आता कसं छान वाटतं." अक्का त्या दिशेला बघून म्हणाली, "छान." तिला एक पांढरा पट्टा दिसत होता.

सून तेव्हा गॅलरीत जाळी धूत होती. वकीलबाई फोन घेऊन जेवणघराच्या दाराशी उभ्या, कुणाला तरी तारखेबद्दल सांगत होत्या. अक्का कप्प्यासमोर बसली. पहिली बाटली हातात घेतली. गळा गुळगुळीत. दुसरी, तीही. वास घेतला, लिंबू. सगळीकडे लिंबू. हाक मारावी म्हणून तिने तोंड उघडलं आणि मिटलं. वकीलबाई तीन हातांवर उभ्या होत्या. इतक्या वर्षांनी त्यांच्यासमोर सुनेला विचारायचं, की साबणाची बाटली कुठली? चिठ्ठ्या लावलेल्या असताना? तिने हिशेब केला, की आपण साबण नेहमी भिंतीकडून पहिला ठेवायचो, बाईंनीही तीच रांग ठेवली असणार. भिंतीकडची पहिली बाटली उचलून ती टेबलाशी गेली आणि तिने फवारा मारला.

दगडावर बारीकशी चरचर झाली. इतकी बारीक, की वकीलबाई बोलत होत्या त्या बोलतच राहिल्या. अक्काने मात्र ती ऐकली. तिने झटकन ओलं फडकं मारलं, पुन्हा मारलं, कोरडं केलं आणि तळवा फिरवला. सगळं टेबल पाण्यासारखं गुळगुळीत होतं आणि मधे ताटाएवढा भाग खरखरीत लागत होता. तिने तिथून दोन वेळा हात फिरवला. तिसऱ्यांदा फिरवायची गरज नव्हती.

मग तिने जे केलं ते तिला शोभणारं नव्हतं. टेबलाच्या टोकाला फळांची परडी होती, ती उचलून तिने त्या जागेवर ठेवली. बाकीचं काम उरकलं, सुनेला घेऊन पुढच्या घरी गेली, तिथून आपल्या घरी. जेवताना घास गिळेना. मुलाने विचारलं, बरं नाही का? ती म्हणाली, गुडघा.

दुसऱ्या दिवशी दार उघडताच वकीलबाईंच्या आवाजावरूनच तिला कळलं की परडी हलली.

वकीलबाईंनी दोघींना टेबलाजवळ नेलं. परडी बाजूला होती. आरडाओरडा करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, त्या दुखावल्या की आणखी हळू बोलायच्या. "अक्का, हे तुमच्या हातून होणार नाही, हे मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांत तुम्ही माझा एक कप फोडला नाहीत." आणि त्यांनी सुनेकडे बघितलं असावं, कारण सुनेच्या बांगड्या वाजल्या.

सून टेबलाकडे बघत राहिली. मग वाकून तिने कप्पा उघडला, बाटल्यांकडे बघितलं, कप्पा बंद केला. आणि म्हणाली, "हो ताई. माझ्याकडून झालं. बाटली चुकली माझी."

अक्काच्या हातात ओलं फडकं होतं. तिने ते पिळलं. त्यात पिळण्यासारखं काही नव्हतं, तरी पिळलं. सांगायला वाईट वाटतं, पण तिच्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी, की सुटले. वकीलबाईंना ही पोरगी तशी नवखी, तिची चूक खपून जाईल, आपलं झाकलेलं झाकलेलं राहील. जीव भांड्यात पडला तिचा. तो फार वेळ तिथे राहिला नाही.

"चिठ्ठी लावली होती मी त्यावर," वकीलबाई म्हणाल्या. "वाचता येतं ना तुला?"

"येतं."

"मग वाचलं का नाहीस?"

सुनेने कप्प्याचं दार पुन्हा एकदा घट्ट लावलं.

"अक्का, तुम्ही येत जा. पण उद्यापासून हिला आणू नका," वकीलबाई म्हणाल्या. "मला असं काम चालणार नाही. आणि कुणी विचारलं तर मी चांगलं सांगू शकणार नाही, हेही आत्ताच सांगते."

सुनेला वाचता येतं, दिसतं, आणि ती काल त्या टेबलाजवळ फिरकलीही नव्हती. मग ही का बोलली? अक्का तशीच उभी राहिली आणि तिच्या डोक्यात वर्षभराचे ते सगळे बावळट प्रश्न एकापाठोपाठ एक यायला लागले. निळी बादली. पायरीवरचं पाणी. वकीलबाई आल्या वाटतं. ही एक रबरवाली साबणाची ना. यातला एकही प्रश्न नव्हता. पोरगी तिला सांगत होती, रोज, सगळ्यांसमोर, असं की कुणाला कळू नये. आणि तिला स्वतःलाही कळू नये. आणि आपण तिला म्हणत होतो, तुला डोळे नाहीत का. अक्काला इतकी शरम वाटली की तिचे कान गरम झाले.

"तिने नाही केलं," अक्का म्हणाली. "मी केलं."

"अक्का, तिला पाठीशी घालू नका."

"घालत नाही. मीच फवारा मारला आणि मीच परडी ठेवली. मला दिसत नाही."

वकीलबाईंना ते पटकन कळलं नाही. "म्हणजे? चष्मा लागलाय का?"

"चष्म्याचं काम नाही. मधलं गेलंय, कडेचं आहे. आता तुमच्याकडे बघतेय ना, तर तुमचं तोंड नाही मला. कान आहेत दोन्ही."

वकीलबाईंचा हात आपसूक कानाकडे गेला. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. अक्काला म्हणाल्या, बसा. अक्का बसली नाही. वकीलबाई मनाने वाईट नव्हत्या, आणि आता त्यांना टेबलापेक्षा अक्काचं जास्त वाईट वाटत होतं, ते त्यांच्या आवाजात ऐकू येत होतं. त्यांनी डॉक्टरचं विचारलं, औषधाचं विचारलं. मग अगदी मायेने म्हणाल्या, "अक्का, फार केलंत तुम्ही आयुष्यभर. आता बसा घरी. आराम करा. इथलं काम ही बघेल, माझं काही म्हणणं नाही, मी मघाशी बोलले ते विसरा."

आला तो शब्द. अक्काला वाटलं होतं तो ऐकला की आपण रडू, भांडू, काहीतरी करू. पण तिने नुसतं फडकं बादलीच्या कडेला टाकलं आणि पदराला हात पुसले.

तेवढ्यात सून म्हणाली, "ताई, मला एकटीला नाही जमणार."

"का? वर्षभर शिकतेयस."

"शिकतेय, पण येत नाही अजून. फरशी पुसली की डाग राहतात माझे. न्हाणीघराचं तर मला काहीच कळत नाही. अक्का मागे उभ्या असतात म्हणून होतं. त्या नाही आल्या तर मी पण नाही येणार."

चटपटीत, दुकानात काम केलेली, स्वतःची घरं धरायला निघालेली पोरगी मान खाली घालून, आपल्याला काही येत नाही असं सांगत होती. अक्काने ते ऐकलं. नुसती गप्प राहिली असती तरी भागलं असतं. तिचं काम राहिलं असतं. सुनेच्या आडोशाने का होईना, ती रोज उठून इथे आली असती. पण आज सकाळीच, निघायच्या आधी, तिने घरातल्या मोरीवर हात फिरवला होता, सुनेने घासलेल्या.

"खोटं बोलतेय," अक्का म्हणाली. "तिला सगळं येतं. कोपरे तर माझ्यापेक्षा चांगले करते. तिच्या हाताखालून गेलेल्या फरशीला मला वर्षात एकदाही फडकं परत लावावं लागलेलं नाही. तुम्ही तिला ठेवा. माझ्याइतकीच चांगली आहे ती, आणि तिला दिसतं."

सुनेने अक्काकडून बरं असं काही कधी ऐकलंच नव्हतं. ती एकदम रडायला लागली, आवाज न करता, पण अक्काला नाक ओढलेलं कळलं. वकीलबाई दोघींकडे आळीपाळीने बघत होत्या. म्हणाल्या, "इतकी वर्षं कोर्टात जातेय. दोन्ही बाजू स्वतःच्याच विरुद्ध बोलताना आज पहिल्यांदा ऐकतेय." मग म्हणाल्या, "मला विचार करू दे. आज राहू दे काम."

त्यांचा विचार दोन दिवसांनी कळला. सुनेला ठेवते, अक्कांनी आराम करावा. सून जायला तयार नव्हती, अक्काने तिला ढकलून पाठवलं. सून पहिल्याच दिवशी त्यांच्या बाटल्या अक्काच्या जुन्या रांगेने लावून आली, आणि वकीलबाई अजूनही अक्काची चौकशी करतात. ते घर अक्काचं गेलं ते गेलंच.

पण त्या सकाळी यातलं काही ठरलेलं नव्हतं. दोघी जिन्यात आल्या तेव्हा वरच्या मजल्यावर कंपाउंडरकाकांकडे जायची वेळ झाली होती, आणि अक्का पहिल्या पायरीवरच थांबली.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

सुनेने डोळे पुसले. "तुम्ही भाजीत मिठाच्या जागी सोडा घातलात तेव्हापासून."

अक्काला तो दिवस काही आठवेना. "कधी? मला कुणी बोललं नाही."

"नाही बोललो."

"मग ती भाजी?"

"खाल्ली. साबणासारखी लागत होती. तुमच्या मुलाने दोनदा वाढून घेतली."

अक्का कठड्याला धरून उभी राहिली. म्हणजे मुलालाही माहीत. सगळं घर तिच्याशी गुडघ्याबद्दल बोलत होतं, मुलाने तेलसुद्धा आणून दिलं होतं गुडघ्याला, आणि ती ते निमूटपणे चोळत होती. तिला हसूही येईना आणि रडूही येईना. "मग मला कुणी बसवलं का नाही?" तिने विचारलं.

"बसवायचं कशाला?" सून म्हणाली. "तुम्ही काम करत होतात ना. मी म्हटलं, मी जाते बरोबर. झालं." मग खालच्या आवाजात म्हणाली, "आई, इथे काही बोलू नका पण. काकांना कशाला सांगायचं? तिथल्या बाटल्यांना रबरं आहेत अजून. मी असतेच."

एका हाताने कठडा धरून अक्का वर गेली, सुनेच्या पुढे, आणि घंटी दाबली. आतून सपाता घासत येण्याचा आवाज आला, कडी निघाली. दारात काकांच्या बनियनचा पांढरा रंग होता, दोन खांदे होते, आणि मधे नेहमीचं काहीच नाही.

"काका, आधी ऐकून घ्या, मग आत घ्यायचं तर घ्या," अक्का म्हणाली. तिचा आवाज चढला होता, ते तिलाही कळत होतं. "मला दिसत नाही. कडेचं दिसतं, मधलं नाही. अक्षरं वाचता येत नाहीत, तोंडं ओळखू येत नाहीत. काल मी खालचं टेबल खराब केलं. हात-पाय चांगले आहेत. फरशी मी पूर्वीसारखीच करीन, बाटल्या ही देईल. बसवायचं असेल तर तुम्हीही आत्ताच सांगा, म्हणजे एका दिवसात सगळं उरकेल."

काका दारातून हलले नाहीत. मागे त्यांच्या रेडिओवर बातम्या चालू होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि मग, भांडं घासणीने घासायचं की नुसतं विसळायचं हे ठरवावं तसा थोडा विचार केला.

"बरं," ते म्हणाले. "मग काचा तिला द्या, फरशी तुम्ही घ्या. आणि जरा हात चालवा आज, अकरा वाजता माणसं यायचीत."